न बिघडलेल्या पेनची दुरुस्ती

पेनच्या दुकानदाराचं अक्षर चांगलं असणार, अशी लोकांची एक भाबडी समजूत असते. मिठाईवाला गोड बोलत असेल असं कोणी धरून चालत नाही, पण माझ्याकडून मात्र मोत्यासारख्या अक्षराची अपेक्षा. माझं अक्षर असं आहे की मी लिहिलेली किराण्याची यादी वाणी मलाच परत देतो आणि म्हणतो, वाचा एकेक. हा लेखसुद्धा मी बोललो आणि बायकोनं, म्हणजे सुनंदानं, टाइप केला. मधून मधून तिनं काय गाळलं ते अंक हातात पडल्यावर मलाही कळेल.

शहागंजात घड्याळाच्या टॉवरपासून आत शिरलं की एका बोळात आमचं दुकान आहे. वडिलांनी काढलं, मी चालवलं, आणि माझ्यानंतर ते कोणी चालवणार नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल कोणी बोलत नाही, एवढंच. शेजारी रशीदभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. आम्हा दोघांचे धंदे एकाच रोगानं आजारी पडले. त्यांचाही मोबाइलनं खाल्ला, माझाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही आळीपाळीनं एकमेकांच्या दुकानात बसतो. रस्त्यानं जाणाऱ्याला निदान वाटावं, एकाकडे तरी माणूस आलाय.

पूर्वी माझ्याकडे लिहिणारी माणसं येत. आता येतात ती बहुतेक लिहिणाऱ्यांची मुलं. वडील गेले, कपाट आवरायला घेतलं, खणात पेन सापडलं, याचं काय येईल, असं विचारतात. मी उघडून बघतो. आत शाईचा खडा झालेला असतो. गेलेला माणूस मरायच्या बऱ्याच आधी लिहायचा थांबलेला असतो, हे त्या खड्यावरून कळतं. मुलांना ते ठाऊक नसतं आणि मी सांगत नाही. सांगून तरी कोणाचं भलं व्हायचंय. अशा पेनांत कोमट पाणी फिरवून ती भिजत ठेवली, की काही दुसऱ्या दिवशी काल विकत घेतल्यासारखी लिहायला लागतात. ती बहुधा जपानी निघतात.

हे जपानी पेनचं प्रकरण बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगायला पाहिजे. शाईच्या पेनला निब असते. निबेखाली शाई पुढं आणणारी काळी पट्टी असते, तिला आम्ही जीभ म्हणतो. निबेला मधोमध चीर आणि अगदी टोकाला कठीण धातूचा एक दाणा. सगळं लिहिणं त्या दाण्यावर चालतं. युरोपातल्या पेनांचा दाणा जरा जाड असतो. त्यांची अक्षरं सुटसुटीत, त्यांना तो चालतो. जपानी माणसाला एवढ्याशा चौकोनात काड्याच काड्यांचं एक अक्षर बसवायचं असतं, तिथं जाड निब लावली तर डांबर ओतल्यासारखं होतं. म्हणून त्यांची मध्यम म्हणजे इतरांची बारीक, आणि त्यांची बारीक म्हणजे सुईच. तिकडं बसलेल्या त्या कारागिरानं देवनागरी कधी पाहिली नसेल, पण आपल्या अक्षराला ती निब फार मानवते. ‘ष्ठ’ लिहून बघा. साध्या पेननं त्याचं पोट बुजतं. या निबेनं आतली पांढरी जागा पांढरीच राहते, ‘ध’ची गाठ गाठीसारखी दिसते, ‘ज्ञ’ ओळखू येतो.

शिवाय ते लोक काम मन लावून करतात. टोपण असं बसतं की आत हवा शिरत नाही. कितीतरी दिवस पडलेलं पेन उचललं तरी पहिल्याच अक्षराला शाई उतरते. निब कागदावरून जाताना अगदी हलकी कुरकुर ऐकू येते, पेन्सिलीसारखी. काहींना ती आवडत नाही. ज्यांना आवडते त्यांना मग दुसरं काही आवडत नाही. लाखेचे थरावर थर देऊन वर सोन्याच्या पुडीची नक्षी केलेली पेनंही असतात. ती मी दुकानात ठेवत नाही, माझी ऐपत नाही. एका बांधकामवाल्यासाठी एकदा मागवून दिलं होतं. काही वर्षांनी तो तावातावानं आला. एवढं महागाचं पेन, चालतच नाही म्हणाला. उघडून बघितलं तर त्यात शाई कधी भरलीच नव्हती. एवढ्या किमतीत शाई आलीच असेल असं तो धरून चालला होता. मी भरून दिली. त्यानं सही करून पाहिली, झकास म्हणाला आणि खिशाला लावून गेला. ती त्या पेनची पहिली सही, आणि माझ्या अंदाजानं शेवटचीही.

या पेनांत खोट काय, असं मला कोणी विचारलं तर पूर्वी मी किंमत सांगितली असती. आता वेगळं सांगेन. ती बिघडत नाहीत, ही त्यांची खोट. हे मला नानांमुळं कळलं.

नाना कन्नड तालुक्यातल्या पिशोरचे. घर धनगराचं. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी मेंढरं विकून थोडी जमीन केली, आणि नाना शिकून मोजणी खात्यात लागले. नकाशे उतरवायचं काम. शेतांचे बांध, विहिरी, पाणंदी, सगळं बारीक रेघांत. “आमच्या घरात मेंढरं मोजायला बी कुणी लिवत नव्हतं,” ते सांगायचे, “नजरेनंच मोजायचे. मी पयला, ज्याची नजर कागदाकडं गेली.”

निवृत्त झाले त्या वर्षी ते पहिल्यांदा माझ्याकडे आले. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा आणि त्यावर कन्नडच्या रस्त्याची बसभर धूळ.

“शेठ, लई बारीक लिवणारं पेन दाखवा. सरकारचं पेन सरकारला दिलं. आता सोताचं पायजे.”

मी शेठ नाही, हे माझ्या दुकानाकडे बघून कोणालाही कळतं. पण नाना शेवटपर्यंत शेठच म्हणाले.

पेन हातात दिलं की माणूस सगळ्यांत आधी स्वतःची सही करून बघतो, असा माझा अनुभव. नानांनी सही केली नाही. त्यांनी नावं लिहायला घेतली. रंगनाथ सखाराम, ज्ञानोबा विठोबा, सौ. कृष्णाबाई. एकाखाली एक. कागद भरला तरी थांबेनात.

“कोण हो ही सगळी?” मी विचारलं.

“भावकी हाय आमची.”

“पेन बघायला त्यांची नावं कशाला?”

“मंग कुणाची लिवू? माझं नाव लिवायला मला पेन लागतंय व्हय? ही नावं बसली पायजेत पत्रिकेवर.”

मग उलगडा झाला. लग्नाची पत्रिका छापून येते तेव्हा ती कोणाला द्यायची त्या नावाची जागा कोरी असते. बहुतेक घरांत तिथं जो मोकळा असेल तो बॉलपेननं खरडतो. नानांच्या भावकीत ते चालत नसे. लग्न कोणाच्याही घरचं असो, पत्रिकांचा गठ्ठा नानांच्या ओट्यावर यायचा. नाना सकाळी आंघोळ करून बसायचे आणि एकेक नाव घालायचे, वडीलधाऱ्याला तीर्थरूप, लहानाला चिरंजीव, सगळ्यांना सहकुटुंब सहपरिवार. नानांच्या अक्षरातली पत्रिका आली म्हणजे आपल्याला मनापासून बोलावलं, असा भावकीचा समज. एकदा नानांना कावीळ झाली आणि पुतण्यानं नावं घातली, तर एका चुलत्यानं लग्नाला यायचं नाकारलं. “नानानं नाय लिवलं, म्हंजी उरल्यासुरल्यातली दिली मला,” असं त्याचं म्हणणं. नानांनी अंथरुणातून उठून त्याला दुसरी पत्रिका लिहून पाठवली, पण तोवर लग्न लागून गेलं होतं. चुलता ती पत्रिका घेऊन पुढच्या आठवड्यात एकटाच जेवायला आला, आणि त्याच्यासाठी पुन्हा बुंदी पाडावी लागली.

नानांनी काळं, सोन्याच्या निबेचं, माझ्याकडचं सगळ्यांत बारीक पेन घेतलं.

“बिघडलं तर?”

“बिघडणार नाही, नाना.”

“बिघडलं तर, म्हन्लं.”

“तर मी आहे की.”

दुकानदार असं बोलतोच. त्याचा विचार करून कोणी बोलत नाही.

पुढं दरवर्षी दिवाळी सरली, लग्नसराई जवळ आली, की नाना पेन धुऊन घ्यायला आणि शाई न्यायला यायचे. रशीदभाई त्यांना चहा पाजायचे. “नाना, शादियां तुमारे लोगां करते, और सियाही हमारे सेठ की खपती.” नाना म्हणायचे, “मंग भावकीला सांगतो, शेठला आहेर करा म्हणून.” ते दुकानातच पाटावर कागद ठेवून एकदोन नावं लिहून बघायचे, अमक्याच्या पोराचं जमलं, तमक्याच्या पोरीचं मोडलं, असं सगळं त्या नावांतूनच मला कळायचं. ज्यांना मी कधी पाहिलं नाही अशा पिशोरच्या कितीतरी माणसांची खबर माझ्याकडे होती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नाना आले ते पेन हातात न देता त्यांनी काउंटरवर ठेवलं.

“शेठ, हे थरथराया लागलंय.”

“काय?”

“थरथरतंय. रेघ सरळ जाईना.”

शाई गळणं, निब खरखरणं, जीभ तुंबणं, अशा तक्रारी मी आयुष्यभर ऐकल्या आहेत. थरथरणारं पेन कधी आलं नव्हतं. मी नानांना रशीदभाईंकडे चहाला बसवलं आणि भिंग डोळ्याला लावलं. निबेच्या दोन्ही पाकळ्या एका पातळीत. दाणा गुळगुळीत. चिरेतून उजेड दिसावा तसा दिसत होता. तरी सगळं उघडून धुतलं, पुसलं, शाई भरली, रेघ ओढली. रेघ ताणलेल्या दोऱ्यासारखी गेली.

मान वर करून शेजारी बघितलं तर रशीदभाईंनी नानांचा कप अर्धाच भरला होता. मला नवल वाटलं. चहाच्या बाबतीत रशीदभाईंचा हात आखडता नसतो. मग नानांनी कप उचलला आणि तो अर्धाच का भरला ते मला समजलं.

मी पेन परत दिलं. जिभेत कचरा अडकला होता, काढला, असं सांगितलं. नानांनी मान हलवली. लिहून बघा म्हटलं तर म्हणाले, “घरी बगतो.”

ते गेल्यावर रशीदभाई माझ्याकडे आले. “क्या निकला पेन में?”

“काही नाही.”

“मेरेकू मालूम था. अंदर आते वख्तच दिखा.” ते माझ्या स्टुलावर बसले. “घड़ी होती तो बालकमानी बदल देता मैं.” बालकमानी म्हणजे घड्याळाच्या पोटातली केसाएवढी बारीक स्प्रिंग.

नाना महिन्याभरात पुन्हा आले. या वेळी लिहिलेला कागद घेऊन. “बगा.” तीच नावं होती, रंगनाथ सखाराम, ज्ञानोबा विठोबा, आणि प्रत्येक काना थंडीत उघड्यावर उभ्या राहिलेल्या माणसासारखा. जाड निब असती तर एवढं दिसलं नसतं. जाड रेघ बरंच काही पोटात घेते. ही निब हाताचं बारीकसारीक हलणंसुद्धा जसंच्या तसं कागदावर उतरवते. याच गुणासाठी माणसं ती घेतात, आणि मीही हाच गुण सांगून सांगून ती विकली.

“शाई बदलून बघू,” मी म्हणालो. आणि खरोखर बदलली. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

घरी सुनंदाला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “घरच्यांना दिसत नसेल का हो त्यांचा हात? ते बोलत नाहीत, तुम्ही बोलत नाही, आणि बिचारं पेन दर महिन्याला आंघोळ करतंय.”

घरच्यांना दिसत होतं. नानांचा मुलगा संतोष चितेगावला कंपनीत आहे. तो एका सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवरून आला आणि नाना सोबत नाहीत ना, हे तपासल्यासारखं दोनदा मागं बघून दुकानात शिरला.

“दादा, वैष्णवीचं जमलं. माझी थोरली.”

“अरे वा.”

“पत्रिका छापायला दिल्यात. नाना म्हणतात, नातीच्या लग्नाची नावं मीच घालणार.” तो काचेवर बोटानं रेघा ओढत राहिला. “डॉक्टर म्हणाले हा कंप जायचा नाही. गोळ्यांनी थोडा कमी राहील, पण वाढतच जाणार. आम्ही नानांना अशक्तपणा सांगितलाय. त्यांना वाटतं पेनच बिघडलंय.”

“मग?”

“मग तुम्ही सांगा की पेन गेलं. कायमचं. जपानहून सामान येत नाही म्हणा. मी नावांचे स्टिकर छापून घेतो. पेन नव्हतं म्हणून स्टिकर लावले, असं भावकीला सांगता येईल. नानांचा मान राहील.”

“म्हणजे मी खोटं बोलायचं.”

“तुम्ही दुकानदार आहात, दादा,” संतोष म्हणाला. आपण काही वेगळं बोललो असं त्याच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं.

मला ती युक्ती पटली. कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही, कोणावर बोट नाही. बदनाम होणार ते पेन, आणि ते काही बोलणार नव्हतं. थोडं खटकलं ते धंद्यापोटी. इतक्या वर्षांत मी बिघडलेली पेनं चांगली म्हणून विकली नाहीत, आणि आता चांगल्या पेनला बिघडलेलं म्हणणार होतो.

नाना आले. मी ठरवलेलं सगळं म्हणून दाखवलं. निब दमली, सोनं झिजलं, आता ती निब निघत नाही, जपानहून काही येत नाही. शेवटी तर मी तिकडचा कारखानाही बंद करून टाकला.

“म्हंजी गेलंच हे.”

“हो, नाना.”

“हां.” त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं आणि काउंटरवरचा कागद माझ्यापुढं ठेवला. “शेठ, तुमी लिवा बरं एक नाव.”

“नाना, माझं अक्षर तुम्हाला माहितेय.”

“अक्षर ऱ्हाऊ द्या. रेघ बगायची हाय मला. लिवा, रंगनाथ सखाराम.”

पेन उचललं. सरळ लिहिलं तर दोष नानांच्या हाताचा, वाकडं लिहिलं तर पेनचा. मी हात हलवत हलवत लिहायला लागलो. आयुष्यभर माझं अक्षर आपोआप वाईट येत आलंय. त्या दिवशी पहिल्यांदा ते मुद्दाम वाईट काढायचा प्रयत्न केला आणि तेवढंही जमलं नाही.

नानांनी माझं भिंग मागून घेतलं. एका हाताला दुसऱ्या हातानं धरून कागद बघितला. बराच वेळ.

“हे वाकडं काढलंय तुमी. थरथरलेलं नाय.”

मी पेनला टोपण लावून ते खाली ठेवलं.

“मोजणीत लोकं बांध सरकवायची, अन् वर माती टाकून म्हनायची, हितंच व्हता. नवी माती कळती, शेठ.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “तुमी वळणावर हालवलंय. सरळ रेघ आली की विसरलाय. माझं सरळ रेघेतच जास्त हालतंय.”

रशीदभाईंच्या दुकानात रेडिओ चालू होता, तो बंद झाल्याचं मला ऐकू आलं.

“पोरानं सांगितलं व्हतं ना असं बोलायला?”

“नाना...”

“बरं केलं त्यानं. तुमी बी.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. “डाक्टर खरं काय म्हन्ला?”

“ते संतोषलाच विचारा.”

“त्याला नाय विचारत. रडंल त्यो.”

मग मी मला येतं ते केलं. कपाटातून जाड निबेचं पेन काढून पुढं ठेवलं. यात कंप दिसत नाही, नावं घालता येतील, म्हणालो. नानांनी ते घेऊन कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर लिहिलं. नाव ठसठशीत उमटलं. हललेलं फारसं कळत नव्हतं.

“झाकतंय खरं,” ते म्हणाले.

“मग हे घेऊन जा. पैशाचं राहू द्या.”

“माझा कंप झाकतंय, अन् माझं अक्षर बी झाकतंय. हे कुणाचं बी वाटंल.” त्यांनी ते टोपण लावून परत दिलं आणि आपलं काळं पेन उचलून खिशाला लावलं. लावायला दोनतीनदा हात न्यावा लागला. “चिकटवू द्या त्याला ते स्टिकर. पण पेन बिघडलं असं कुणाला सांगू नका. पेन चांगलं हाय.”

त्या दिवशी ते चहाला थांबले नाहीत. रशीदभाई दोन दुकानांमधल्या फळीवरून बघत होते, त्यांनीही आग्रह केला नाही.

मी नंतर पुष्कळ विचार केला. स्वस्तातलं पेन असतं तर एव्हाना त्याची निब फाकली असती, शाई गळायला लागली असती, आणि नाना आपल्या हाताला कधी काही विचारायला गेलेच नसते. हे असलं निर्दोष काही माणसाला देणं बरं की वाईट, मला सांगता येत नाही. सुनंदा म्हणाली, “विकताना नाही ना आलं मनात? मग आता काय.” तिचं बोलणं मला बऱ्याचदा पटतं, आणि त्यानं मला बरं वाटत नाही.

लग्नाला थोडे दिवस राहिले तेव्हा संतोष आणि नाना गाडी करून पत्रिका वाटत शहरात आले. मला दिली, रशीदभाईंना दिली. दोन्हींवर पांढरे स्टिकर, नावं काळ्या छापील अक्षरांत, काना-मात्रेची चूक नाही. रशीदभाईंनी आपलं नाव वाचलं, “अच्छा छपा है,” म्हणाले आणि पत्रिका उलटी करून गल्ल्यावर ठेवली.

“बाकी सगळ्या झाल्या,” संतोष म्हणाला. “आता देवाची राहिली.”

त्यांच्या घरात देवाची पत्रिका साताऱ्याच्या खंडोबापुढं ठेवतात. लांबचा तो सातारा नव्हे, हा आपल्या शहराच्या कडेचा. देवाच्या पत्रिकेवर स्टिकर लावलेला नव्हता. संतोषनं तोही छापून आणला होता, नानांनी लावू दिला नव्हता.

“घरी लिवणार व्हतो,” नाना मला म्हणाले, “पण सगळी भवती बगत बसत्यात. हितं बसू का?”

मी काउंटर मोकळा केला. पाट ठेवला, पाटावर टीपकागद. नानांनी चपला काढल्या, काळ्या पेनचं टोपण उघडलं आणि उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरलं. संतोष बोळाकडे तोंड करून उभा राहिला.

नानांची लिहायची एक रीत होती. आधी सगळी अक्षरं मोकळी लिहायची आणि मग वरून एकदम एक लांब रेघ ओढायची. मोजणीतली सवय असणार. ‘श्री खंडेराया’ एवढंच लिहायचं होतं. बोळातून एक हातगाडी गेली, दुसरी आली, तिच्यामागं स्कूटर अडकून हॉर्न वाजवून गेली, तरी त्यांचा ‘ड’ चालू होता. निबेची ती पेन्सिलीसारखी कुरकुर मधेच थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. अक्षरं झाली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. बिनरेघेची अक्षरं कागदावर सुटी सुटी उभी होती, सगळी सारखीच हललेली. पण सगळीच सारखी हलल्यामुळं त्यांना एक वळण आलं होतं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाची ती लिहायची तऱ्हाच असावी असं वाटत होतं.

त्यांनी पेन माझ्यापुढं केलं.

“रेघ तुमी ओढा. ती लांब असती. तिथं हात पळतो माझा.”

“नको, नाना. आहे तसंच चांगलं दिसतंय.”

“देवाला बिनरेघेचं द्यायचं व्हय? ओढा.”

मी श्वास धरून ओढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ अशी सरळ गेली, जशी जपानी निबेनं जायला पाहिजे. आणि ती पुरी झाल्याबरोबर मला दिसलं की मी काय केलं. वर ती ताठ रेघ आल्यावर खालच्या अक्षरांचं वळण गेलं आणि त्यांचा कंप तेवढा उरला. प्रत्येक काना कुठं कुठं आणि किती हललाय ते आता मोजता आलं असतं. नानांनी माझ्याआधी बघितलं होतं. त्यांची नजर मोजणीतलीच.

“ओढायला नको होती,” मी म्हणालो.

“रेघ चांगली आली.” त्यांनी पेन घेतलं, टोपण लावलं. मी टीपकागद पुढं केला तर नको म्हणाले, आपोआप सुकू दे. मग पत्रिका उचलायला हात पुढं नेला, काउंटरच्या कडेशी थांबवला आणि परत घेतला.

“संतोष.”

संतोष वळला.

“वली हाय अजून. तू धर. माझ्या हातात पसरंल.”

संतोषनं दोन्ही तळहातांवर पत्रिका घेतली आणि सावकाश पायरी उतरला. नाना त्याच्यामागून गेले, उजवा हात खिशात घालून.